बसायचं कुठं

राजूरला घर बांधताना मी गवंड्याला मोबाईलवर घरातल्या शेकोट्यांचे, म्हणजे फायरप्लेसचे, फोटो दाखवायचो. सगळ्या भिंतीत बसवलेल्या, कमरेइतक्या उंचीवर, खाली ओटा नाही. फोटो बघून तो भिंतीसमोर उकिडवा बसायचा, मान वर करायचा आणि एकच विचारायचा, "साहेब, हितं बसायचं कुठं?"

"समोर सोफा येईल."

"लई लांब पडंल."

तरी हॉलमधली शेकोटी त्यानं चोख बांधली. उरलेल्या विटांची मात्र, मला न विचारता, मागच्या पडवीत जमिनीलगत दुसरी मांडली. मी ओरडलो. तो थापी धूत राहिला.

आता थंडीत माझे वडील त्या पडवीतच बसतात. संध्याकाळी गवंडीही येतो. मी तिथं गेलो की दोघांचं बोलणं थांबतं. सरकून जागा कुणीच करत नाही.