लागला की लावला?

“लागला नाही, लावला!” असं म्हणून काकू स्वतःच्या गुडघ्यावर सणसणीत थाप मारत. गुडघा समोरच्याचा असता तर त्याची खैर नव्हती.

काकू इतवारीत आमच्या शेजारी राहत. नवरा गेल्यावर काटोलकडची संत्र्याची बाग त्यांनी एकटीनं राखली होती. बागेला लागून जंगल. विडीसाठी तेंदूला कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणून पानांच्या ठेकेदाराच्या माणसांनी तिथला पाचोळा पेटवला, वारा फिरला आणि काढणीला आलेली मृग बहाराची बाग जळून गेली. ठेकेदारानं हात झटकले, “वणवा लागला, आम्ही काय करणार?” भरपाई मिळाली नाही तर जमीन विकण्यावाचून गत नव्हती.

स्कूटर माझी, म्हणून वकील शोधताना सारथी मीच. सिव्हिल लाइन्समधल्या बड्या वकिलानं विचारलं, “वणवा लागला तेव्हा तुम्ही कुठे होता?” काकू ताडकन उठल्या. धंतोलीतल्या वकिलाचंही तेच. माझा चहा अर्धाच झाला होता.

“काहून उठल्या, काकू?”

“ज्याले लागला न् लावला यातला फरक समजत नाही, तो काय लढन गा?”

शेवटी आमच्याच इतवारीत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर एक वकील गाठला. खाली ठोकाठोक चाललेली. काकूंनी हकिगत सांगितली. त्यानं कानाशी हात नेला, “काय म्हणता? लागला की लावला?”

काकूंचा चेहरा उजळला. “मले हाच वकील पाहिजे!”

त्याला कमी ऐकू येतं, हे आम्हाला नंतर कळलं. मी तर कपाळाला हात लावला.

पण कोर्टात काय झालं, ऐका. ठेकेदाराचा माणूस पिंजऱ्यात उभा. “वणवा लागला,” तो म्हणाला. “काय? मोठ्यानं सांगा.” “लागला!” “लावला?” “लागला हो!” “आणि वारा?” वैतागून तो ओरडला, “लावला तेव्हा वारा नव्हताच ना, बाप्पा!”

मागून गुडघ्यावरची थाप ऐकू आली. आम्ही जिंकलो! त्या दिवशी काकूंनी अख्ख्या गल्लीला जिलेबी वाटली, आणि पावसाळ्यात नवी कलमं लावली.

बऱ्याच वर्षांनी काकू गेल्या; त्यांच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याला, वकीलसाहेब आले होते. आता त्यांना फारच कमी ऐकू येत होतं. फोटोसमोर त्याच बागेतली संत्री मांडली होती. काकूंची सून म्हणाली, “दिवा लागला का?”

त्यांनी कानाशी हात नेला. मी वाकून प्रश्न पुन्हा सांगितला.

“लागला नाही,” ते मोठ्यानं म्हणाले आणि गुडघ्यावर थाप मारली, “लावला!”

सगळी तेरवी हसली. डोळे पुसत पुसत हसली.