मधलंच दिसंना

विसाव्या वर्षी मी फार भक्तीण होते, म्हणजे फार आगाऊ होते. सकाळी अंघोळ करून कपाळभर विभूती फासायची, डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन बसायची, आणि शेजारी बसलेला माझा धाकटा भाऊ नीट पूजा करतो की नाही, ते बघत राहायची. देव बिचारा तळव्यावर ताटकळायचा.

एकदा भाऊ म्हणाला, "अक्का, बोटं दिसायलीत, पण मधलं लिंगच दिसंना."

"मन भज्यात गुंतल्यावर लिंग कसं दिसंल?" म्हणत मी जाऊन अप्पांना चुगली केली. अप्पांनी त्याला दुप्पट वेळ बसवायला सुरुवात केली. पहाऱ्याला मीच.

दोन-तीन महिन्यांत त्याच्या दोन्ही डोळ्यांपुढचं मधलं सगळं पुसलं गेलं. गाव म्हणालं, पूजेत खोट. 'ह्याची पोरंही आंधळी निपजतील' म्हणून त्याला कुणी मुलगी दिली नाही. माझं लग्न मात्र बँड लावून झालं.

यंदा कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या नातवाचा, लेकीच्या मुलाचा, फोन आला. "आज्जी, उजव्या डोळ्यानं माणसाचे कान दिसायलेत, तोंड दिसंना." माझी तव्यावरची भाकर जळून गेली.

लेक, नातू आणि मी हैदराबाद गाठलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला शाळेत वीजघर म्हणतात. पण पेशीनं जगायचं की मरायचं, तेही पुष्कळदा तिथंच ठरतं. मायटोकॉन्ड्रिया बिघडल्या की त्यांचं वेष्टण फुटतं, आतलं प्रथिन बाहेर सांडतं आणि पेशी स्वतःच स्वतःला मोडायला घेते. नातवाच्या डोळ्यामागच्या नसेत तेच चाललं होतं. डावा डोळा अजून शाबूत होता. गोळ्या लगेच सुरू करा, म्हणाल्या. खात्री मात्र दिली नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "बायकांना स्वतःला बहुधा काही होत नाही, पण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडूनच येतात."

म्हणजे भावाच्या पोरांना यातलं काही झालं नसतं! ज्याला गावानं नाकारलं, तो निर्धोक. जिला वाजतगाजत पाठवलं, ती हे पदरात बांधून निघालेली. त्या संतापातच परतीची गाडी धरली.

लेकीच्या घरी पोचलो तर विहीणबाई तयारच. "गोळ्या राहू द्या. अमावस्येला गाणगापूरला नेऊ. आमच्या घराण्यात असलं कधी न्हवतं बाई." बोलणं माझ्याशी, डोळे सुनेवर. माझी लेक खाली मान घालून उभी.

"तिच्याकडं कामून बघायलाव?" मी म्हणाले. "हे माझ्याकडनं आलंय, मला माझ्या आईकडनं. शिव्या द्यायच्या तर वरनं सुरू करा. आन् अमावस्येला आठ दिस हायेत. तवर ह्याचा डावा डोळा थांबणार हाय का?"

"लई शिकल्यासारखं बोलायलाव."

"ह्या वयात शिकले, तेच चुकलं बघा. आधी शिकायला पायजे होतं."

लेकीनं मान वर केली, पाणी आणलं आणि सासूसमोरच लेकाला पहिली गोळी दिली.

डॉक्टरीणबाईंनी तंबाखूचा धूर सक्त बंद सांगितला होता. मी सरळ नातवाच्या खिशात हात घातला. पाकीट निघालं.

"आज्जी, एकच उरलीय."

"आन् डोळे किती उरलेत रं तुझे?"