शंकेखोर भाची आणि घाटातला बैल

घोडेगावच्या तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि समोर उभ्या राहिलेल्या माणसाची मागणी काय आणि ती कशी मांडावी, याविषयी मला कधी शंका पडलेली नाही. म्हणूनच पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी भाची प्रशिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा इतके शिकूनही माणूस इतका डळमळीत कसा राहू शकतो, याचे मला नवल वाटले. नवल थोडे दिवस टिकले. पुढे वीट आला.

सकाळी गमबूट चढवून ती जनावरांच्या दवाखान्यात जाई, दिवसभर डॉक्टरांमागे गोठे पालथे घाली आणि संध्याकाळी शेणाचा वास घेऊन परते. जेवायला बसली की शंका सुरू. कालवडीला ताप होता की नुसते ऊन लागले होते? म्हशीच्या पोटात हात घातला तेव्हा लागले ते वासरूच होते ना?

"म्हशीलाच विचारायचं होतंस," मी म्हणे. ती हसत नसे.

एकदा म्हणाली, "मामा, मला हे जमणार नाही. कॉलेज सोडायचा अर्ज लिहून द्या."

"कारण?"

"मला कशाचीच खात्री वाटत नाही."

असले कारण कोणत्याही कचेरीत टिकत नाही. यात्रा होऊन जाऊ दे, असे सांगून मी तिची बोळवण केली.

यात्रेत बैलगाड्यांची शर्यत होती. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळण्यापूर्वी प्रत्येक बैल तपासला पाहिजे, असा नियम आहे. आणि तपासणी म्हणजे बैलाच्या पाठीवर एक थाप, असा आमच्याकडचा रिवाज. डॉक्टरांनी एक रांग भाचीकडे सोपवली. तीत माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराचा बैल होता. शिंगे रंगवलेली, अंगावर झूल. मालकाच्या गळ्यातली साखळी बैलाच्या वेसणीहून जाड.

भाचीने बैलाचा पुढचा डावा खूर चाचपला. मग उजवा धरला आणि पुन्हा डाव्याकडे आली.

"ताई, बैल तपासताय का मेंदी काढताय?" मालक म्हणाला. माणसे हसली. मीही हसलो.

"खूर गरम लागतोय. कदाचित आत काही रुतलं असेल."

"कदाचित? भाऊ, तुमच्या भाचीला नक्की काय ते ठावं न्हाई. लई शिकलीय जणू!"

"नक्की नाही," ती म्हणाली. खूर तिने सोडला नव्हता. "म्हणूनच पळवायचा नाही."

डॉक्टरांनी येऊन खूर दाबला. बैलाने पाय ओढला की माशी झटकली, मला कळले नाही. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या याला." मालकाची पळण्याची बारी गेली. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू बैलाच्या खुरात मीच शिरून बसलो होतो.

घरी येऊन ती रडली. "बैल ठणठणीत असला तर? मामा, आता लिहाच." मी उद्यावर ढकलले. असल्या रडण्याला मसुदा नसतो.

सकाळी मालकच दारात. "तुमच्या भाचीनं नजर लावली. बैल पाय टेकीना."

चूक कबूल करण्याची या लोकांत पद्धतच नाही.

"मग भगताकडे जा की," मी म्हणालो.

"त्यो करून झाला. म्हनून तर आलो, राव."

भाची आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि पायरीवर बसून गमबूट घालू लागली.

"ताई, नक्की बरा व्हईल ना?" त्याने विचारले.

"पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार."

काल याच उत्तरावर खिदळलेला तो माणूस मुकाट्याने तिची पिशवी उचलून पुढे चालू लागला. अर्जाचे ती विसरली. मीही आठवण केली नाही. सबळ कारणाशिवाय मी अर्ज लिहीत नाही.