डावा पाय

आमच्या तालमीची टीम यंदा नुसती मार खाते आहे. फॉरवर्डला बॉल मिळत नाही, मिळाला तर त्याचं काय करायचं ते कळत नाही, आणि गोलकीपरबद्दल मी बोलणार नाही, कारण बोलायला लागलो की माझं बीपी वाढतं आणि बायको गोळीचं पाकीट घेऊन समोर उभी राहते. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. पेठेत तालीम, तालमीची टीम, आणि टीम हरली की दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जायचीसुद्धा लाज वाटते. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. माझ्या पुण्यातल्या साडूला तर अजून वाटतं की मी थट्टा करतोय.

शाहूपुरीतल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून सुटलो की घरी जायच्या आधी मी तालमीच्या कट्ट्यावर टेकतो. कट्टा कसला, तालमीच्या दारातल्या तीन दगडी पायऱ्या. तिथं रोज तेच पुराण. कुणाला सोडायचं, कुणाला आणायचं. एकजण म्हणतो पेठ वडगावला एक पोरगं आहे, काय पळतंय म्हणून सांगू. दुसरा म्हणतो पळायचं काय घेऊन बसलास, आमच्या गल्लीतलं कुत्रंपण पळतंय. कुणी कुरुंदवाडचा एक डिफेंडर सुचवतो, तर लगेच दोघंतिघं त्याच्या गुडघ्याचा इतिहास सांगतात. मग परदेशी खेळाडू आणायचा विषय निघतो आणि त्यावरून भांडण होतं, ते दिवे लागेपर्यंत चालतं. सगळ्यांत मोठा आवाज माझा. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती मी स्वतःच्या कष्टानं मिळवलेली आहे.

वरच्या पायरीचा दरवाजाकडचा कोपरा मात्र मोकळा असतो. ती माझ्या दोस्ताची जागा. गेल्या पावसाळ्यानंतर तो तिथं बसलेला नाही.

आम्ही एका बाकावर शिकलो. पुढं मी कारकून झालो आणि त्यानं उद्यमनगरात लेथ टाकली. मॅचला जायचो ते त्याच्या स्कूटरवरून, तो पुढं, मी मागं. त्याच्या शर्टाच्या खिशात भाजलेल्या शेंगा असायच्या. मॅच सुरू झाली की तो एकेक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवायचा, नजर मैदानावरच. बोलायचा फार कमी. त्याच्या वाटणीचंही मीच ओरडायचो. येताना स्कूटरवर तो एखादं वाक्य बोलायचा, म्हणजे आज आपला उजवा हाफ पुढं गेला की परत येत नव्हता, एवढंच, आणि ते इतकं बरोबर असायचं की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी ते माझं म्हणून खपवायचो. त्याला ते ठाऊक होतं. कधी बोलला नाही.

त्याला एकच मुलगा. सहा वर्षांचा असल्यापासून बापानं त्याला फुटबॉलला लावला. पोरगं जन्मजात उजव्या पायाचं, पण दोस्ताचं म्हणणं, एका पायाचा फॉरवर्ड म्हणजे लंगडा फॉरवर्ड. म्हणून रोज संध्याकाळी लेथ बंद झाली की शेडच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायानं शंभर वेळा बॉल मारायचा. मोजायला मी असायचो, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून. पोरगं रडकुंडीला यायचं. मी मधेच दहाबारा आकडे गाळून त्याला लवकर सोडवायचो आणि बाप तिकडं वळून उगाच स्पॅनर शोधायचा. मोठं झाल्यावर ते आमच्याच टीममधून खेळायला लागलं. पहिल्या मॅचला त्याच्या जर्सीचा नंबर दिसला तेव्हा दोस्तानं मला शेंगा द्यायचं विसरून सगळ्या स्वतःच खाल्ल्या, सालीसकट खाल्ल्या असतील तरी मला नवल वाटणार नाही.

आता बैठकीचं सांगायला पाहिजे. पावसाळा सरला की खेळाडूंची नोंदणी होते. एकदा ज्या टीमकडून सही केली, त्या टीमकडून वर्षभर खेळायचं. त्याच्या आठवडाभर आधी आमच्या तालमीत बैठक बसते. म्हातारे वस्ताद आखाड्याच्या कडेला बसतात, एकेक नाव वाचलं जातं, आणि त्या नावावर कुणीही बोलावं. ठेवा म्हणा, सोडा म्हणा. नियम एकच, आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. घरच्यानं घरच्यावर बोलायचं नाही. पोराचं नाव निघालं की बाप, चुलता, भाऊ, सगळ्यांनी गप्प खाली बघायचं. भलं नाही, वाईट नाही. त्यामुळं ज्यांच्या घरची तोंडं बंद, त्यांची बाजू दोस्तांनी घ्यायची, हे न सांगता ठरलेलं.

तरी त्यानं सांगितलं होतं. बैठकीला जाताना स्कूटर थांबवून, मागं न बघता म्हणाला, "माझ्या तोंडाला कुलूप असणार. तू हाईस की."

मी व्हय म्हटलं.

आणि तिथं जाऊन मी काय केलं? त्याआधीच्या हंगामात सेमीफायनलला त्या पोरानं हातची संधी घालवली होती. गोलकीपर पडलेला, गोल उघडा, बॉल डाव्या पायावर आलेला, आणि ह्यानं तो बारवरून आभाळात मारला. आम्ही हरलो. ते माझ्या डोक्यात महिनोन्‌महिने ठणकत होतं. शिवाय मनात एक किडा होता, खरं सांगतो. दोस्ताचं पोरगं म्हणून ह्यानं पाठराखण केली, असं कुणी म्हणायला नको. मी स्पष्टवक्ता. मी कुणाची भीड ठेवत नाही. हे सगळ्यांना दाखवायची मला फार हौस.

नाव निघालं. दोस्त खाली मातीकडं बघत बसला. मी उठलो आणि म्हणालो, "सोडा त्याला. डावा पाय त्यानं नुसता उभं राहायला ठेवलाय."

सगळी तालीम हसली. वस्तादसुद्धा हसले. त्या हशात नाव खोडलं गेलं, आणि मला, शरम वाटते सांगायला, चांगलं वाटलं. कट्ट्यावर पुढचे दोन दिवस ते वाक्य फिरत होतं.

दोस्त सगळ्यांच्या शेवटी उठला. चपला घातल्या आणि चालत गेला. स्कूटर तालमीसमोरच राहिली, दुसऱ्या दिवशी कारागिराला पाठवून नेली. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी पोरानं रस्त्यापलीकडच्या पेठेकडून सही केली. त्या पेठेशी आमची ईर्षा किती जुनी, ते विचारू नका.

मी म्हटलं, चार दिवसांनी राग जाईल. आठवड्यानं तो भाजी मंडईत दिसला. मी लांबूनच हाक मारली. तो थांबला, नीट हसला, आणि म्हणाला, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" आमच्याकडं पावणं म्हणतात ते एसटी स्टँडवर रस्ता विचारणाऱ्या माणसाला. चाळीस वर्षांत त्यानं मला शिव्या घातल्या होत्या, पण पावणं कधी म्हटलं नव्हतं. मी बरं हाय म्हणालो, आणि तो गेला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं कोथिंबीर कुठं आहे. कोथिंबीर मंडईतच राहिली होती.

तेव्हापासून मी मॅचला रिक्षानं जातो. शेंगा विकत घेतो आणि अर्ध्या तशाच राहतात. मॅच संपल्यावर त्या एका वाक्याची आठवण येते. हरल्याचं दुःख मला नवं नाही, पण आपण का हरलो हे सांगणारं माणूस शेजारी नसलं की हरणं फार जड होतं.

हंगाम सुरू झाला आणि पलीकडच्या पेठेतून ते पोरगं गोल मारायला लागलं. इकडं आमचे फॉरवर्ड एकमेकांना धडकत होते. मग कट्ट्याची भाषा हळूहळू बदलली. वडगावचं पोरगं मागं पडलं, परदेशी मागं पडला, आणि एक दिवस कुणीतरी म्हणालं, आपलं पोरगं पुढल्या नोंदणीला परत आणा की. जणू आम्ही त्याला कुठं विसरून आलो होतो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी हसलेली तोंडं हीच. पण वाक्य माझं होतं, तेव्हा जायचंही मीच, असं ठरलं.

गेलो रविवारी दुपारी. त्याच दिवशी आमची त्या पेठेबरोबर मॅच होती. म्हटलं मॅचच्या आधी गाठावं. दार वहिनींनी उघडलं. मला बघून त्या गोंधळल्या.

"तुम्ही हितं कसं? हे तर तुमच्यासंगं मॅचला जातो म्हणून गेल्यात."

मी म्हटलं, मी मागनं जाणार हाय. त्यांनी चहा ठेवला. बोलता बोलता कळलं की तो प्रत्येक रविवारी असाच शेंगा खिशात घालून निघतो, माझं नाव सांगून. बैठकीत मी काय बोललो, ते त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. आमच्या गॅलरीत तो नसतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मग पलीकडच्या गॅलरीत बसतो की काय? पोरासाठी बसला असेल तर बसू दे, असं मी मनाला समजावलं, पण ते मनाला रुचलं नाही.

पहिला हाफ मी मैदान बघितलंच नाही. समोरच्या गॅलरीतलं एकेक डोकं तपासत बसलो. तो नव्हता. हाफटाइमला चहाला बाहेर आलो आणि स्टेडियमच्या मागच्या भिंतीला वळसा घातला. तिथं एक चहाची गाडी असते. गाडीच्या आडोशाला, एका क्रेटवर, भिंतीला पाठ लावून तो बसला होता.

मी समोर उभा राहिलो. त्यानं बघितलं, सरकला, आणि मी अर्ध्या क्रेटवर बसलो. आत का येत नाहीस, असं मी विचारलं. चहावाल्यानं माझ्या हातात ग्लास दिला तेव्हा म्हणाला, "त्यांच्यात बसलो तर आपल्यावर गोल बसल्याला टाळ्या वाजवाय लागतात. आपल्यात बसलो आणि पोरानं मारला, तर माझ्या तोंडातनं काय निघंल, ह्याचा भरवसा न्हाय. हितं बरं हाय."

आवाजावरून त्याला सगळं कळत होतं. दुसरा हाफ सुरू झाला. हा कॉर्नर, हा फाउल, आता आपला गोलकीपर पुढं आला, असं तो पुटपुटत होता, आणि आतून शिट्ट्या तशाच येत होत्या. मग एकदम भिंत हादरेल असा कल्ला झाला. मला काही कळेना कुणाचा. त्यानं डोळे मिटले.

"आपल्यावर बसला," तो म्हणाला.

तेवढ्यात आमच्या पेठेतला एक रिक्षावाला तणतणत बाहेर आला. दोस्त माझ्या आड होता, त्याला दिसला नाही. शिव्या देत तो म्हणाला, मारला बघा, आपणच हाकललेल्या पोरानं मारला. तेव्हा माझ्या मागून दोस्तानं विचारलं, "कुठल्या पायानं?"

"डाव्या की," रिक्षावाला म्हणाला, मग आवाज ओळखून ओशाळला आणि निघून गेला.

दोस्त शेंगा चाचपत राहिला. बाहेर एकही काढली नाही. मी त्याच्याकडं बघू शकेना. भिंतीवर शंभर वेळा मारलेला तो बॉल मी मोजला होता, त्या पायाचं मोल माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी म्हटलं, चुकलो रं मी. त्या दिवशी फार चुकलो.

"मला बोलायची बंदी हुती," तो म्हणाला. "तुला न्हवती."

ह्यावर कोल्हापुरातला सगळ्यात तोंडाळ माणूस काय बोलणार? मी रिकामा ग्लास चहावाल्याला दिला. मग तोच म्हणाला, "जा आत. आपली पोरं हराय लागल्यात. ओरडायला माणूस पायजे."

मी आत गेलो. आमच्या गॅलरीत सुतक पडल्यासारखी शांतता होती. शेवटची काही मिनिटं उरली असतील. बॉल पुन्हा त्या पोराकडं आला, आमच्याच बाजूला, अगदी आमच्या समोर, डाव्या पायावर. मला काय झालं कुणास ठाऊक. मी उठून उभा राहिलो आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून ओरडलो, "मार पोरा! डाव्यानं मार!"

अख्खी गॅलरी माझ्याकडं वळली. मागून कुणीतरी पाण्याची बाटली मारली. शेजारच्यानं शर्ट धरून मला खाली ओढलं आणि विचारलं, डोकं फिरलंय काय, त्यो त्यांचा हाय. मी पुन्हा उठलो आणि पुन्हा तेच ओरडलो, तोंड मागच्या भिंतीकडं करून.

त्यानं मारला, तो पोलला लागून बाहेर गेला. आम्ही एका गोलनंच हरलो. बाहेर आलो तर क्रेट मोकळा होता. चहावाला म्हणाला, ते मघाशीच गेलं, तुमचा आवाज आला तसं उठलं. मी विचारलं, काही बोलला का? "येडं हाय ते, म्हणालं," चहावाल्यानं सांगितलं, आणि कागदात बांधलेल्या शेंगा माझ्या हातात दिल्या.

तो अजून कट्ट्यावर आलेला नाही. तालमीत माझ्याशी निम्मे लोक बोलत नाहीत, ते येतील हळूहळू वळणावर. रोज संध्याकाळी चर्चा तीच, पोरगं परत कसं आणायचं, आणि सगळे मलाच विचारतात. मी बोलत नाही. वरच्या पायरीच्या कोपऱ्यावर कुणी बसायला गेलं तर तेवढं उठवतो. पोरगं येईल नाहीतर न येईल, त्याला तिथं बरं चाललंय. मला त्याचा बाप परत पाहिजे.