एक पायरी खाली

दिनांक १२ ऑक्टोबर १९८६, रविवार. त्या दिवशी माझ्या ताईचा पगार महिना सहाशे अठ्ठेचाळीस रुपये होता. संगीत नाटकाच्या कंपनीत ती अकरा वर्षं तालमींना पियानो वाजवत होती. गाणाऱ्यांकडून चाली घोटून घ्यायच्या तिने आणि जाहिरातीत नाव यायचं संगीत दिग्दर्शकाचं. ते गृहस्थ मालकांशी भांडून निघून गेले आणि नव्या नाटकाचा पहिला प्रयोग ताईच्या हाती आला. मालकांनी बजावलं होतं, "बाई, एकच संधी. प्रयोग पडला तर दुसरा माणूस बघून ठेवलाय."

दुपारी मी ताईचा डबा घेऊन गेलो, तर नायिकेचा घसा बसलेला. वरचे सूर काही केल्या लागेनात.

"पट्टी खाली घेऊ," ताई म्हणाली. तिच्यासाठी तो डाव्या हाताचा मळ. पण व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलोवाल्यांचे कागद जुन्या पट्टीतले, आणि पडदा सातला उघडणार.

"तू बस इथे. लिही."

"ताई, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"कळायला नकोच आहे. काळं टिंब दिसलं की एक पायरी खाली उतरवायचं. बाकीच्या खुणा मी घालते. बँकेत वह्या उतरवतोस ना, तसंच."

चार तास आम्ही माना वर केल्या नाहीत. शाई वाळायच्या आत ताई पुढचा कागद ओढायची. डबा तसाच राहिला. शेवटच्या गाण्यात त्याच चार ओळी पुन्हा लिहिलेल्या दिसल्या. दुबार नोंद, मी मनाशी म्हटलं आणि गाळल्या. मी शिस्तीचा माणूस, म्हणून तिन्ही वाद्यांच्या कागदांत गाळल्या.

तिसरी घंटा झाली. मी रंगमंचासमोरच्या खड्ड्यात ताईची पानं उलटायला बसलो. दहा गाणी झकास झाली. अकराव्यात नायिकेने त्या चार ओळी दुसऱ्यांदा उचलल्या आणि तिन्ही वाद्यं एकदम थांबली! व्हायोलिनवाल्याने कागद उलटापालटा करून पाहिला.

ताईने मान हलवून तिघांना खूण केली, थांबा. एका हाताने जेमतेम सूर धरला आणि नायिकेकडे पाहिलं. नायिकेने आवाज आणखी खाली आणला, जवळजवळ बोलल्यासारखं गायली. आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला! गाणं पुन्हा घ्यावं लागलं.

मालक धावतच खाली आले. "शेवटी वाद्यं बंद करायची कल्पना कोणाची?"

"माझ्या भावाची," ताई म्हणाली. "बँकेत असतो."

"असू दे! उद्या पुन्हा अस्संच करा. आणि जाहिरातीत नाव तुमचं घालतो."

त्यानंतर एकोणतीस वर्षांत ताईने एकेचाळीस नाटकांना संगीत दिलं. ते गाणं अजूनही पियानोच्या एका हातावरच गातात.

त्या संध्याकाळी सगळ्यांच्या चहाचे पैसे क्लॅरिनेटवाल्याने दिले. त्यातले ताईचे आणि माझे, दोन कपांचे, अजून द्यायचे आहेत.