विसरायच्या नदीचं पान

रिसोडला बाजार समितीमागच्या गल्लीत मी एका निवृत्त शिक्षिकेकडे राहते. बाईंना दिसत नाही. त्यांचं न्हाणं-जेवण बघायचं आणि दुपारी वाचून दाखवायचं, हे माझं काम. ठेवून घेताना त्यांच्या मुलानं शिक्षण विचारलं, तेव्हा मी दहावी म्हटलं. शाळा मी सातवीतच सोडलेली.

मी वेंगुर्ल्याकडची. नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर इथे आले. काम पुढे सरकलं, तोही सरकला. फोन आधी आठवड्याला यायचा, मग सणाला, मग बंद. बाईंनी घरात घेतलं नसतं तर कुठे गेले असते, कोण जाणे.

त्या दिवसांत बाईंच्या नातीनं दिलेली जाडजूड कादंबरी चालू होती. ग्रीक देवांवरून रचलेली प्रेमकथा. पाताळाचा राजा एका माळिणीच्या मुलीवर भाळतो आणि ती आपल्या पायांनी त्याच्याकडे निघते. चुकू नये म्हणून मी सकाळी दूध तापेपर्यंत दुपारची पानं एकदा वाचून ठेवायची. तरी नावांवर जीभ अडायची, म्हणून नुसतं राजा म्हणायची.

"राजाले काई नाव असंन की नाई वं?"

"आहे बाई. लांबलचक आहे."

"राहू दे मंग. नवऱ्याचं नाव कायले घेते!"

मुलगी पाताळाच्या नदीशी पोचली त्या दुपारी मी दोन पानं एकदम उलटली.

"थांब. पान गाळलं तू. पोरं गाळत तं फळ्याकडे तोंड असूनबी मले समजे. काहून गाळलं?"

खरं कारण सांगण्यापेक्षा काम गेलेलं परवडलं, असं वाटलं.

"मला नीट वाचता येत नाही बाई. मी सातवीच. दहावी खोटं सांगितलं."

"ते संध्याकाळी पोराले सांगजो. मी बाजूले असन. आता ते पान काढ. अडलं तं अक्षरं फोडून सांग, मी जोडून देईन."

मी वाचलं. त्या विसरायच्या नदीचं ओंजळभर पाणी पिऊन मुलगी आधी घरची वाट विसरते, मग अंगणातलं झाड, मग आईचं तोंड. आवाज सगळ्यात शेवटी.

"हे तं सरसर वाचलं वं तू," बाई म्हणाल्या. मग हळूच, "आई हाय तुही?"

"नाही." ती गेल्याचं मला कळलं तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं.

"दिसाले कशी होती? सांग. मले तं सगळ्यायचंच सांगा लागते."

रुंद कपाळ सांगितलं. कानातल्या कुड्या सांगितल्या. मासे साफ करून सुरकुतलेली बोटं सांगितली.

"अन् बोले कशी?"

मी तोंड उघडलं. गल्लीत सोयाबीनचे ट्रॅक्टर अडकून हॉर्न वाजवत होते. बाईंनी घाई केली नाही. हॉर्न थांबले, तरी त्या माझ्याकडे तोंड करून बसून होत्या.

संध्याकाळी त्यांच्या शेजारी उभी राहून मी मुलाला सातवीचं सांगितलं. "आईले चालते तं मले काय," म्हणून तो हातपाय धुवायला गेला. मी भाकऱ्या थापायला घेतल्या. आईचा आवाज सकाळी ते पान वाचताना आठवला नव्हता, तेव्हाही आठवत नव्हता.