तीन वर्षांचे तीन शेरे

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — तिच्या लेखी केदार म्हणजे दिवाळीला न चुकता फराळ घेऊन येणारा माझ्या ऑफिसातला भला माणूस.

मंडीदीपच्या कारखान्यात मी तपासणी विभागाचा प्रमुख होतो, केदार माझ्या हाताखालचा इंजिनिअर. नागपूरचा, हुशार — हो, हुशारच, आता कशाला लपवू? एका मीटिंगमध्ये माझा अहवाल चाळून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, रिपोर्ट तो अच्छी है, पर थोडी सुपरफिशियल लग रही है." सगळे हसले. मीही हसलो. पण अयोध्या नगरला घरी पोचेपर्यंत दातओठ खात होतो. बावीस वर्षं नोकरी केलेला मी — वरवरचा?

मार्चमध्ये त्याचा वार्षिक शेरा लिहायला माझ्याकडे आला. आमच्याकडे शेरा इंग्रजीतच लिहायचा, आणि ज्याच्यावर लिहिला त्याला दाखवायचा नाही. काम वाईट आहे असं लिहिलं असतं, तर वरून पुरावा मागितला असता. आणि काम तर चोख होतं. माझ्या नजरेतून सुटलेल्या भेगा त्याला सापडायच्या. मग मी लिहिलं — शॅलो. दुसऱ्या वर्षी, लॅक्स डेप्थ, म्हणजे खोली नाही. तिसऱ्या वर्षी त्याचा शब्द त्यालाच परत केला — सुपरफिशियल. असल्या शब्दांना पुरावा कोण मागतो? तीनदा त्याची बढती हुकली. दर वेळी सही करताना जिवाला किती गार वाटलं, काय सांगू?

एकदा तो केबिनमध्ये आला. "सर, माझं नेमकं कुठं कमी पडतंय?" डोळे भरले होते. मी सावकाश चष्मा पुसला. "तू खोलात जात नाहीस, केदार."

त्यानंतर तो मीटिंगमध्ये बोलेनासा झाला. साधा अर्ज लिहिला तरी चारदा खोडायचा आणि मलाच आणून दाखवायचा.

मी निवृत्त झालो. तो अजून त्याच खुर्चीवर आहे. यंदाच्या दिवाळीत लेकीला घेऊन आला. तिनं त्याला शाळेच्या प्रकल्पातलं काहीतरी विचारलं. उत्तर त्याला येत होतं — मला दिसलं ना ते! पण तो हसून म्हणाला, "आजोबांना विचार बेटा. बाबाचं सगळं वरवरचं असतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला उत्तर समजावून सांगितलं, अगदी खोलात जाऊन. मग त्यानं आणलेल्या डब्यातला लाडू खाल्ला. गोड लागला.